बंद हेडफोन: आधी बसतो कसा, मग वाजतो कसा

"कुठला हेडफोन चांगला?" या प्रश्नाला उत्तर देणारे पुष्कळ भेटतात. पण बंद कपांच्या हेडफोनबाबत त्यांचं उत्तर त्यांच्या डोक्यापुरतंच खरं असतं, आणि हे मी अगदी शब्दशः म्हणतोय. बंद हेडफोनमध्ये कपाची मागची बाजू झाकलेली असते, पुढून गादी कानाभोवती टेकते आणि मधे हवेचा एक छोटा कोंडलेला कप्पा तयार होतो. ड्रायव्हर, म्हणजे कपातला छोटा स्पीकर, त्या कप्प्यातली हवा हलवतो, तेव्हा आपल्याला आवाज ऐकू येतो. चश्म्याची काडी मधे आली किंवा जबड्यापाशी फट राहिली, की कप्पा गळका होतो आणि आवाजाचा पोतच बदलतो. एकच मॉडेल एकाला भरदार वाटतं, दुसऱ्याला पातळ, आणि दोघंही खरंच बोलत असतात.

म्हणून तुलना करताना मी आवाजापासून सुरुवात करत नाही. आधी डोक्यावर कसा बसतो ते, मग हवाबंद बसतो का ते, मग दोन्हींची पातळी सारखी करून आवाज, आणि त्यानंतर बाहेरचा गोंगाट, वायर की वायरलेस, रोजची हाताळणी, असा क्रम ठेवतो. बेस (खालचे, जाड सूर) थोडा जास्त असला किंवा ट्रेबल (वरचे, बारीक सूर) टोचत असला, तर इक्वलायझरने, म्हणजे वेगवेगळे सूर कमी-जास्त करायच्या सोयीने, बरंच सावरता येतं. कानाची पाळी दुखत असेल तर त्यावर कुठलंही ॲप नाही.

## आधी यादी छोटी करा

कुठे वापरणार, एका वेळी किती तास आणि कशाला जोडून, एवढं ठरवलं तरी निम्मे पर्याय गळतात. रोज आगगाडीत तासभर ऐकणाऱ्याची गरज वेगळी आणि टेबलापाशी दिवसभर बैठकांना बसणाऱ्याची वेगळी. फोनला हेडफोनचं भोक नसेल, तर वायरच्या हेडफोनसाठी छोटा अडॉप्टर सतत जवळ बाळगावा लागेल. तो हरवतो, हेही गृहीत धरा.

मग दोन मुख्य प्रकारांतून एक निवडायचा: कानावर टेकणारे आणि कानाभोवती बसणारे. कानावर टेकणारे लहान आणि हलके असतात, पण त्यांचा सगळा दाब कानाच्या कूर्चेवर येतो. सेनहायझरचा एचडी २५ हे याचं नामांकित उदाहरण. १९८८पासून तो चालत आलाय, वायर सोडून वजन जेमतेम १४० ग्रॅम, आणि पकड एवढी घट्ट की डीजे आणि ध्वनिमुद्रण करणारी मंडळी त्याच्यावर खूश असतात. गोंगाटात काम करताना ती पकडच कामाला येते. पण चश्मा लावून तो दोन तास घालायचा म्हटलं, तर त्याच पकडीचा जाच होतो.

कानाभोवती बसणाऱ्यांत सोनीचा एमडीआर-७५०६ (१९९१) स्टुडिओंमधला जुना जाणता. तो दुमडून छोटा होतो खरा, पण त्याची गुंडाळी वायर ताणल्यावर तीन मीटरच्या आसपास जाते आणि ती काढता येत नाही. म्हणजे हेडफोन पिशवीत मावतो, वायर मावत नाही. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्सला (२०१४) वायर काढता येते, पण वजन २८५ ग्रॅमच्या आसपास आहे. 'पोर्टेबल' या शब्दाखाली किती वेगवेगळ्या गोष्टी खपतात, ते या तीन नावांवरूनच दिसतं. म्हणून खोक्यावरचा शब्द वाचू नका. वजन किती, दुमडतो का आणि वायर सुटी होते का, एवढं बघा.

## पहिली पायरी: गाणं न लावता घाला

ही पायरी बहुतेक जण गाळतात. हेडफोन घालून पाऊण तास तरी काहीही न ऐकता बसा. वाचा, काम करा, जरा चाला. संगीत सुरू असलं की लक्ष तिकडे जातं आणि बारीक त्रास जाणवत नाही. तो जाणवतो दुसऱ्या आठवड्यात, खोकं फेकून दिल्यावर.

वजनाचा आकडा उपयोगी आहे, पण तो सगळं सांगत नाही. सोनीचा डब्ल्यूएच-१०००एक्सएम४ २५४ ग्रॅमचा, ॲपलचा पहिला एअरपॉड्स मॅक्स जवळपास ३८५ ग्रॅमचा. फरक मोठा आहे आणि मानेला तो कळतोच. तरीही वजन टाळूवर कसं पसरतं, त्यावर बरंच काही ठरतं. रुंद, मऊ हेडबँडचा जड हेडफोन अरुंद, कडक पट्टीच्या हलक्यापेक्षा सुसह्य असू शकतो. टाळूवर एकाच बिंदूला ठणका लागत असेल, तर दोष पट्टीचा. गादी सवयीने मऊ होते, तशी ही पट्टी होईल अशी आशा ठेवू नका.

कुठे दुखतंय त्यावरून कारण कळतं. कानशिलाला दुखत असेल आणि चश्मा असेल, तर गादी काडीला हाडावर दाबतेय. कानामागे, जबड्याच्या कोपऱ्याशी दाब येत असेल, तर कप आपल्या डोक्याच्या उताराप्रमाणे वळत नाहीत. कानाचा बाहेरचा भाग आतल्या कापडाला घासत असेल, तर गादीची खोली कमी आहे. हा शेवटचा दोष फसवा असतो, कारण पहिल्या दहा मिनिटांत तो जाणवत नाही. मग कान गरम होतो, आतल्या जाळीला टेकतो आणि दर पाच मिनिटांनी कप सरकवावासा वाटतो. गादीच्या भोकाची लांबी-रुंदी बघाच, पण बोट आत घालून खोलीही बघा. मोठ्या कानांच्या माणसाला बाहेरून अंडाकृती दिसणारा कपसुद्धा आतून गोल आणि अपुरा निघू शकतो.

पकड फार घट्ट असेल तर हेडफोन रात्रभर पुस्तकांच्या गठ्ठ्यावर ताणून ठेवायची युक्ती सांगितली जाते. पट्टीच्या आत पोलादी पाती असेल तर ती बऱ्यापैकी चालते. पूर्ण प्लास्टिकची पट्टी मात्र तडकू शकते, तिथे हा उद्योग करू नका. आणि पकड सैल करताना पुढच्या पायरीचं भान ठेवा, कारण तिच्यावरच बेस अवलंबून आहे.

गादीच्या कातड्याचं थोडक्यात. कृत्रिम लेदर चांगलं हवाबंद बसतं, पण घाम धरतं आणि काही वर्षांत त्याचे पोपडे निघतात. मखमली कापड कानाला गार राहतं, पण त्यातून हवा निसटते, म्हणून बेस आणि बाहेरच्या आवाजाची अडवणूक दोन्ही थोडी कमी होतात. उकाड्यात वापरणाऱ्याने कशाला झुकतं माप द्यायचं, हे त्याचं त्याने ठरवावं. मी लेदर घेतो आणि मधे मधे काढून ठेवतो.

## दुसरी पायरी: गळती शोधा

फोनवर टोन जनरेटरचं एखादं ॲप घ्या आणि ४० हर्ट्झचा (सेकंदाला ४० कंपनांचा) सूर मध्यम आवाजात लावा. चार तारांच्या बेस गिटारचा सर्वात खालचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणजे खऱ्या संगीतातलीच ही जागा आहे. आता दोन्ही कप तळहाताने हलकेच आत दाबा. सूर जवळपास तेवढाच राहिला, तर हेडफोन नीट बसलाय. दाबल्यावर तो एकदम भरून आला, तर एरवी तो गळत होता.

मग कपाच्या कडेखाली एक बोट सरकवा आणि सूर कसा विरतो ते ऐका. खालच्या सुरांत ड्रायव्हर पंपासारखं काम करतो. बंद जागेत दाब तयार करणं ही त्याची सगळी मदार, आणि फटीतून तो दाब निघून जातो. छोट्याशा फटीनेही खालच्या बेसमध्ये १० डेसिबल किंवा त्याहून मोठी घट होऊ शकते. "या मॉडेलला बेसच नाही" अशा तक्रारींपैकी बऱ्याचशा इथे उगम पावतात.

हीच चाचणी चश्म्यासह, चश्म्याविना, केस मागे घेऊन आणि कानातलं काढून करा. वर बघा, खाली बघा, जांभई द्या, काहीतरी चघळल्यासारखा जबडा हलवा. सूर थरथरत असेल, तर चालताना बेस येत-जात राहणार. चश्मा रोजचा असेल तर तुलना चश्मा लावूनच करायची. जाड काडी आणि बारीक काडी यांतही फरक पडतो.

नॉइज कॅन्सलिंगच्या, म्हणजे बाहेरचा गोंगाट उलट्या लहरींनी कमी करणाऱ्या हेडफोनमध्ये एक वेगळी सोय असते. अनेक मॉडेलमध्ये कपाच्या आत माइक असतो. कानापाशी प्रत्यक्ष किती आवाज पोचतोय ते तो मोजतो आणि त्यानुसार बेसची दुरुस्ती करून घेतो. म्हणून चश्मेवाल्यांना असे हेडफोन साध्या बंद हेडफोनपेक्षा बेसच्या बाबतीत अधिक एकसारखे वाटतात. हा मुद्दा जाहिरातीत क्वचित येतो, पण माझ्या मते चश्मेवाल्यांसाठी तो गोंगाट कमी होण्याइतकाच मोलाचा आहे.

## तिसरी पायरी: पातळी सारखी करा

दोन हेडफोनपैकी जो किंचित मोठा वाजतो, तो अधिक चांगला वाटतो. त्यामागे कानाची रचनाच आहे. आवाजाची पातळी बदलली की बेस आणि ट्रेबलची आपली संवेदनशीलताही बदलते, हे बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच आलेखांत मांडलं होतं. हळू आवाजात बेस गायब होतो, मोठ्या आवाजात तो भरून येतो. त्यामुळे एका फोनला दोन हेडफोन आळीपाळीने जोडून, व्हॉल्यूम तसाच ठेवून निकाल देणं म्हणजे ज्याला कमी वीज लागते त्याला जिंकवणं.

घरच्या घरी हे जमण्यासारखं आहे. संगीताऐवजी एखाद्या माणसाचं स्वच्छ ध्वनिमुद्रित बोलणं घ्या. मानवी आवाजाचा मुख्य भाग मधल्या पट्टीत असतो, आणि तिथे हेडफोनांत एकमेकांपासून फरक तुलनेने कमी असतात. पहिल्यावर ते बोलणं समोरच्या खुर्चीतून आल्याइतकं ठेवा, दुसऱ्यावर तेवढंच वाटेपर्यंत व्हॉल्यूम हलवा आणि दोन्हींचे आकडे लिहून ठेवा. पिंक नॉइजने (चाचणीसाठी वापरतात त्या सलग खळखळाटाने) जुळवायला गेलात, तर जास्त बेसचा हेडफोन मोठा भासतो, तुम्ही त्याचा व्हॉल्यूम जास्तच कमी करता आणि त्याच्यावर अन्याय होतो. इक्वलायझर, बेस बूस्ट, 'त्रिमितीय' आवाज, सगळं बंद. फाइल एकच.

अदलाबदल झटपट करा. बारीक फरकांची स्मृती फार थोडा वेळ टिकते. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरा ऐकून केलेली आवाजाची तुलना भरवशाची नसते. डोळे बांधूनही उपयोग नाही, कारण कुठला हेडफोन डोक्यावर आहे ते स्पर्शानेच कळतं. हरमन या ध्वनी-उपकरणांच्या कंपनीतल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या चमूने यावर मजेशीर तोडगा काढला. एकाच हेडफोनवर इक्वलायझरने इतरांच्या आवाजाची नक्कल करायची, म्हणजे वजन, पकड आणि नाव यांचा प्रभाव गळून पडतो. आपल्याला तेवढं शक्य नाही. पण आपली आवड कधी कधी कपाच्या धातूला किंवा खोक्याच्या थाटाला जाते, एवढी शंका मनात असू द्या.

## चौथी पायरी: आता ऐका

सुरुवात पुन्हा बोलण्यापासूनच करा, गाण्यापासून नको. लहानपणापासून रोज ऐकत आलोय अशी गोष्ट म्हणजे माणसाचा आवाज, त्यामुळे तो बिघडला की लगेच कळतं. पुरुषाचा आवाज छातीतून गुरगुरल्यासारखा वाटत असेल, तर १०० ते २५० हर्ट्झचा भाग फुगलेला आहे. बंद कपांत हा दोष नेहमीचा. आवाज पडद्याआडून येतोय असं वाटलं, तर २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये खड्डा आहे. ही पट्टी महत्त्वाची असायचं कारण आपल्या कानात आहे. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटरची, एका टोकाला पडद्याने बंद. अशा नळीचा स्वाभाविक घुमार ३ किलोहर्ट्झच्या जरा वर येतो. मोकळ्या हवेतला प्रत्येक आवाज कान तिथे उचलून धरतो, म्हणून हेडफोनलाही तिथे उंचवटा द्यावा लागतो, नाहीतर आवाज मेल्यासारखा वाटतो. त्यामुळे सगळे सूर सारख्याच पातळीवर दाखवणारा सरळ रेषेचा आलेख म्हणजे उत्तम हेडफोन हा समज टाकून द्या.

त्यानंतर स, श आणि 'चव'मधला दंत्य च ऐका. ही अक्षरं वाक्यातून सुटी होऊन टोचत असतील, तर ५ ते ९ किलोहर्ट्झच्या आसपास काटा आहे. पहिल्या भेटीत हाच काटा "किती स्पष्ट!" म्हणून भुरळ घालतो आणि अर्ध्या तासाने आपण नकळत व्हॉल्यूम कमी करू लागतो. माझ्या लेखी तो सर्वात भरवशाचा इशारा. हात आपोआप आवाज कमी करायला जात असेल, तर तो हेडफोन टोचतोय.

बेससाठी तबल्याचा डग्गा उत्तम परीक्षक. मनगट दाबून घुमार वर चढवला जातो, तेव्हा सूर सरकताना सगळीकडे सारख्याच ताकदीने ऐकू यायला हवा. मधेच एखाद्या जागी तो धप्पकन मोठा झाला, तर कप तिथे घुमतोय. डबल बेस किंवा बेस गिटारच्या चालीतही हेच बघा: प्रत्येक सूर वेगळा कळतो, की सगळा एकच ठोका वाटतो? बेस किती आहे यापेक्षा तो केव्हा थांबतो याकडे लक्ष द्या. लांबलेला बेस गायकाच्या आवाजावर सांडतो आणि गाणं गढूळ होतं.

तंबोरा लावून ठेवा आणि जवारीतून उठणारे वरचे स्वर ऐका. ते सलग तरंगत राहिले पाहिजेत. त्यातला एखादाच सतत पुढे येत असेल, तर त्या जागी हेडफोनला शिखर आहे. पियानो, गर्दीची वाद्यवृंद रचना आणि हळू-मोठ्यातला फरक दाबून ध्वनिमुद्रित केलेलं एखादं लोकप्रिय गाणंही यादीत असू द्या, कारण रोज आपण निवडक सुंदर ध्वनिमुद्रणं ऐकत नाही. फक्त देखणी ध्वनिमुद्रणं सुसह्य करणारा हेडफोन माझ्या कामाचा नाही.

शेवटी टोन जनरेटरने २० ते २०० हर्ट्झ हळूहळू सरकवा. खडखड किंवा फरफर आली तर ड्रायव्हरमध्ये केस अडकलाय किंवा काही सैल आहे. मोनो, म्हणजे दोन्ही कानांत सारखंच येणारं बोलणं लावून ते डोक्याच्या बरोबर मध्यात येतं का तेही बघा. एका बाजूला झुकलं तर कप उलटे घालून पुन्हा ऐका. झुकाव हेडफोनबरोबर फिरला तर दोष त्याचा, तसाच राहिला तर कानाचा किंवा फोनचा. वरच्या पट्टीतल्या सरकत्या सुरावर मात्र फार विसंबू नका. ८-९ किलोहर्ट्झच्या भागात प्रत्येकाच्या कानाचा स्वतःचा घुमार असतो, तो हेडफोनच्या माथी मारायचा नाही.

'साउंडस्टेज' म्हणजे आवाजाचा पसारा. बंद हेडफोनमध्ये तो बहुधा आक्रसलेला असतो, आणि त्यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. पसारा हवाच असेल तर उघड्या कपांचे हेडफोन घ्यावेत आणि शेजाऱ्यालाही गाणं ऐकवावं.

आलेखांबद्दल एक सूचना. वेगवेगळ्या मोजणी-यंत्रांवर काढलेले आलेख एकमेकांवर ठेवून तुलना होत नाही, एकाच ठिकाणी मोजलेले दोन हेडफोनच शेजारी ठेवावेत. आणि महाग म्हणजे चांगला असं गृहीत धरू नका. २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापं तपासली, तेव्हा किंमत आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स (कुठला सूर किती मोठा वाजतो) यांच्यात सांगण्यासारखा संबंध आढळला नाही. हरमनच्या प्रयोगांतून मात्र आवडीबद्दल एक गोष्ट पुढे आली: चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरांसारखा, बेसला थोडा उठाव असलेला आवाज बहुसंख्य श्रोत्यांना रुचतो. तुम्ही अल्पसंख्याकांत असू शकता, त्यात काही वावगं नाही.

## बाहेरचा गोंगाट

नुसता बंद कप प्रामुख्याने वरच्या पट्टीतला आवाज अडवतो: भांड्यांचा खणखणाट, कीबोर्डची टकटक, बोलण्यातली धार. इंजिनाची घरघर त्याला फारशी जुमानत नाही. नॉइज कॅन्सलिंगचं उलट आहे. बाहेरचा आवाज माइकने पकडून त्याच्या उलट्या लहरी सोडायच्या, हे तंत्र साधारण १ किलोहर्ट्झच्या खाली जोरात चालतं. अमर बोस यांना १९७८ साली विमानप्रवासात हेडफोन वापरताना ही कल्पना सुचली आणि त्यांच्या बोस कंपनीचा सर्वसामान्य ग्राहकांसाठीचा क्वाएटकम्फर्ट हेडफोन २००० साली आला. विमानातली एकसुरी घरघर हेच या तंत्राचं माहेरघर. शेजारी दोघं गप्पा मारत असतील, तर मात्र ते बऱ्यापैकी ऐकू येतात, तेव्हा अपेक्षा बेताची ठेवा.

तपासणी करताना पंख्याजवळ, रहदारीजवळ आणि बोलणाऱ्या माणसांजवळ तिन्हीकडे बसून बघा. काहींना कॅन्सलिंग सुरू करताच कानांना दडे बसल्यासारखं होतं. तो त्रास खरा असतो आणि काहींचा तो सवयीने जात नाही, म्हणून हे विकत घेण्यापूर्वीच कळलेलं बरं. वाऱ्यात उभं राहूनही बघा, काही मॉडेलचे बाहेरचे माइक वाऱ्याने भुर्रभुर्र करतात. चालताना स्वतःच्या पावलांचा धपधप आवाज बंद कपांत वाढतो, तो किती खुपतो तेही आत्ताच बघून घ्या.

गोंगाट कमी होण्याचा खरा फायदा म्हणजे व्हॉल्यूम कमी ठेवता येतो. प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. पातळी ३ डेसिबलने वाढली की वेळ निम्मा: ८३ला २० तास, ८६ला १०, ८९ला फक्त ५. रोजच्या प्रवासात घरघरीवर मात करायला आपण किती सहज आवाज चढवतो, ते आठवलं की हे आकडे अंगावर येतात. म्हणून हेडफोनाची तुलना शांत खोलीत जेवढी, तेवढीच गोंगाटात करा. गोंगाटात दोन्हींवर बोलणं आरामात कळेल असा व्हॉल्यूम लावा. कमी व्हॉल्यूमवर काम भागलं तो पुढे.

उलट दिशेची गळतीही बघायला हवी. नेहमीच्या आवाजात गाणं लावून हेडफोन दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवा आणि शांत खोलीत हातभर अंतरावर बसा. बंद म्हणवणाऱ्या काही हेडफोनांना बेससाठी छिद्रं ठेवलेली असतात आणि त्यांतून बरंच बाहेर येतं.

## वायर की वायरलेस

वायरचा घेत असाल तर फोन त्याला पेलेल का, ते बघा. संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो ते, दोन पद्धतींनी छापतात, प्रति मिलिवॅट आणि प्रति व्होल्ट, आणि त्यात गफलत होते. समजा दोन हेडफोन सारखेच ९६ डेसिबल प्रति मिलिवॅटचे आहेत, पण एकाचा विजेला होणारा अडथळा ३२ ओहमचा आणि दुसऱ्याचा २५० ओहमचा. १ व्होल्टवर पहिला साधारण १११ डेसिबल देईल, दुसरा १०२. फोनचा छोटा अडॉप्टर जेमतेम १ व्होल्टच्या आसपासच देतो, त्यामुळे हा ९ डेसिबलचा फरक चांगलाच जाणवतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतो. फोनला जोडायचा असेल तर त्याची २५० ओहमची आवृत्ती टाळा.

ब्लूटूथमधल्या कोडेकची, म्हणजे आवाज आक्रसून पाठवायच्या पद्धतीची चर्चा गरजेपेक्षा फार होते. एलडॅक सेकंदाला ९९० किलोबिटपर्यंत जातो, साधा एसबीसी ३२८च्या आसपास, पण आयफोन एलडॅक आणि ॲप्टएक्स दोन्ही घेत नाही, त्याला एएसी. हेडफोन नीट बसलेला नसण्याने जो फरक पडतो, त्याच्यापुढे हे सगळं किरकोळ. त्यापेक्षा कॉल लावून बघा. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये माइक सुरू होताच आवाज एकपदरी आणि चेपलेला होतो, मग हेडफोन कितीही भारी असो. दिवसभर बैठका असणाऱ्याने हे आधी तपासावं, आणि समोरच्याला आपलं बोलणं रहदारीत कसं ऐकू येतं तेही विचारावं. व्हिडिओत ओठ आणि शब्द जुळतात का, लॅपटॉप आणि फोन एकाच वेळी जोडले जातात का, बॅटरी संपल्यावर वायर लावून हेडफोन चालतो का, हेही बघाच. काही मॉडेल बॅटरी संपली की पूर्ण मुकी होतात. काही वायरवर चालतात, पण त्यांचा आवाज वेगळाच, बहुधा फिका येतो, म्हणून ती अवस्थाही ऐकून घ्या.

## रोजच्या हाताळणीत

दुमडणं ही गोष्ट क्षुल्लक नाही. सोनीचा १०००एक्सएम४ (२०२०) आत दुमडायचा. एक्सएम५ला (२०२२) ती सोय नव्हती, कप फक्त आडवे वळायचे. २०२५च्या एक्सएम६मध्ये दुमडणं परत आलं. आपल्या रोजच्या पिशवीत हेडफोन डब्यासकट ठेवून बघा. डबा मावला नाही तर तो घरीच राहतो आणि हेडफोन चाव्यांबरोबर खडखडत फिरतो.

बटणं अंधारात, न बघता दाबता येतात का, तेही पाहा. स्पर्शाने चालणारे कप ओल्या हाताने किंवा हातमोज्यांत भलतंच काहीतरी करतात, त्यामुळे माझं मत बटणांना. मान वळवताना कप खांद्याला लागतो का, गळ्यात अडकवल्यावर हनुवटीला टेकतो का, वायर कॉलरला घासली की कानात खरखर येते का, हे सगळं घरातल्या घरात कळतं.

सर्वात आधी झिजतं काय? गाद्या. मग वायर, मग बिजागरी, आणि वायरलेसमध्ये बॅटरी. गाद्या सुट्या मिळतात का आणि हाताने बदलता येतात का, हे घेण्यापूर्वी बघा. एचडी २५चा जवळपास प्रत्येक भाग सुटा मिळतो, तो इतकी वर्षं टिकून राहायचं ते एक कारण. बॅटरी बदलता येणारे वायरलेस हेडफोन अजून मोजकेच आहेत, फेअरफोनचा फेअरबड्स एक्सएल (२०२३) त्यांतला एक. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७पासून बहुतांश छोट्या उपकरणांतली बॅटरी ग्राहकाला काढता आली पाहिजे असा नियम लागू होतोय, तेव्हा हे चित्र बदलू शकतं.

## निवड करताना

गुणांचं कोष्टक मी करत नाही. आवाजाला ९ आणि आरामाला ४ दिले तर बेरीज छान येते, पण हेडफोन कपाटात पडून राहतो. त्याऐवजी चाळणी लावा. पाऊण तासात दुखला, बाद. चश्म्यावर बेस गळला, बाद. कॉलसाठी घ्यायचा आणि समोरच्याला बोलणं कळेना, बाद. उरलेल्यांत आवाज ठरवू द्या. परत करायची मुदत असेल तर एकाच हेडफोनबरोबर काही दिवस राहा, मग दुसऱ्याकडे जा. झटपट अदलाबदलीत फरक कळतो, आणि सलग वापरात तो फरक आपल्याला खरंच हवाय का ते कळतं.

निवडलेल्यात आवाज थोडा खटकत असेल, तर इक्वलायझर जपून वापरा. बेस वाढवायचा तर साधारण १०० हर्ट्झच्या खाली २-३ डेसिबल उचला आणि एकूण पातळी तेवढीच खाली घ्या, नाहीतर मोठ्या आवाजात ध्वनी फाटतो. स-श टोचत असतील तर सरकत्या सुराने काटा साधारण कुठे आहे ते शोधा आणि तिथे अरुंद पट्टीत ३-४ डेसिबल कमी करा. दुसऱ्याने तयार केलेली सेटिंग जशीच्या तशी उचलू नका, ती त्याच्या डोक्यावरची असते. आणि पुढे गाद्या बदलाल तेव्हा ४० हर्ट्झची चाचणी पुन्हा करा. नव्या गादीची जाडी, कापड किंवा भोकाचा आकार जरा वेगळा असला की इक्वलायझरचे सगळे आकडे नव्याने जुळवावे लागतात.